एक ते पाच

बस. खुर्ची एकच आहे, ती तू घे,
मी पलंगावर टेकते.
चप्पल आत काढ गं, पॅसेजमधून जाते.

हां, विचार.
लिही, इंदुमती सोपान धोत्रे.
मानखुर्दला सहा वर्षं झाली.
त्याआधी नाल्याच्या कडेला, पाइपलाइनला लागून.
तिथं आता सहापदरी रस्ता आहे.
आमची मोरी होती तिथं बहुतेक दुभाजक आलाय,
कण्हेर लावलीय त्यात.
बसमधून बघितली एकदा. चांगली फुललीय.

घराबद्दल समाधान. एक ते पाच.
पाच म्हणजे फार?
मग संडासाला पाच दे.
एकवीस वर्षं मी संध्याकाळचं पाणी
मोजून प्यायले, रात्री उठावं लागू नये म्हणून.
इथं पहिल्या रात्री दोनदा उठले,
गरज नसताना.
दिवा लावला, कडी घातली
आणि आत नुसती बसून राहिले.
बाहेर कुणी खाकरत नव्हतं,
कुणी डबा वाजवत नव्हतं.
मुलगा म्हणाला, आई, बरं नाही का?
म्हटलं, बरं आहे. फार बरं आहे.

लिफ्टचा रकाना वेगळा?
सातवा मजला, फेब्रुवारीपासून बंद.
इमिटेशनचा माल टाकणारा पोरगा
आधी खालून हाक मारायचा,
मग हाकही थांबली.
तिकडं उंबऱ्यात बसून मणी ओवायचे मी,
बारा डझनाला अकरा रुपये,
आणि गल्लीतलं सगळं भांडण फुकट.
कामाचा प्रश्न यादीत नाही?
असू दे.

शेजार.
दारं सगळी एकसारखी, निळी.
माझी सासू एकदा बी विंगच्या सातव्यावर
दुसऱ्याच्याच घरात जाऊन झोपली.
त्यांनी उठवलं नाही. जागी झाल्यावर चहा दिला,
वर आपल्या पोराला पाठवलं मला शोधायला.
शमशाद नाव तिचं.
आता तीच माझी शेजारीण,
सात मजले उतरून, सात चढून.
भिंतीपलीकडे कोण राहतं ते
मला अजून नीट माहीत नाही.
कुठला आकडा घालतेस, घाल.

आणि समोरचे भेकरे गेले तेव्हा
स्ट्रेचर जिन्यात वळेना.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं त्यांना,
टॉवेलनं मान पाठीला बांधली.
चार पोरं, सात मजले.
प्रत्येक वळणावर टेकवायचे,
घाम पुसायचे, पुन्हा उचलायचे.
तिसऱ्यावर एका लहान पोरीनं विचारलं,
काका कुठं चाललेत?
कुणालाच सुचलं नाही काही.
एकजण म्हणाला, खाली.

ती हीच खुर्ची.
अगं बस, बस. धुतलीय.
त्यांच्याकडे नव्हती, आमची दिली.

विकणार का? तेही आहे त्यात?
एजंट येतो ना, महिन्याला एकदा,
जिना चढून येतो, म्हणून पाणी देते.
नालासोपाऱ्याला मोठी खोली, वर रोख म्हणतो.
चौघं गेले आमच्या मजल्यावरचे.
मी नाही.
संडासाची कडी पितळेची बसवलीय मी,
माझ्या पैशांनी. बघायचीय?

तू कुठं राहतेस?
कळव्याला? भाड्यानं? पाचजणी एका खोलीत?
मग तुझा आकडा किती?
लाजू नको, लिही बाजूला, पेन्सिलनं.
तुला विचारलं का कुणी कधी?

थांब, थांब, पाणी आलं.
पंचवीस मिनिटंच असतं.
तू विचारत राहा तिथूनच,
मी मोरीतून सांगते.
दोनशे पंचवीस फूट आहे,
कुठूनही ऐकू येतं.